मालिकेतल्या आईसाहेबांना काहीतरी काम द्या

प्रति,
मराठी दूरचित्रवाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते, आणि कथाविस्तार, पटकथा, संवाद लिहिणारी सगळी मंडळी

स. न. वि. वि.

संध्याकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत तुमच्या वाहिन्या ज्यांच्या जिवावर चालतात, त्यांतली मी एक. वय 68, मुक्काम मिरज, जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत आधी काउंटरवर आणि मग अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त. गुरुवारी टीआरपीचे आकडे हातात आले की तुम्ही ज्या बायकांचा हिशेब मांडता, त्यांत मी आहे, माझी मोठी जाऊ आहे, आमच्या गल्लीतलं अख्खं भजनी मंडळ आहे. मालिका बंद करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. मला मालिका आवडतात. नावं ठेवते, पण वेळ चुकवत नाही. पाहुणे आले तरी आवाज बारीक करून चालूच ठेवते.

तक्रार एकच आहे. तुमच्या मालिकेतल्या साठीच्या बाईला दिवसभर काही कामच नसतं.

तिचा दिवस आठवून बघा. सकाळी सहाला ती काठपदराची साडी, अंबाडा, त्यावर गजरा, गळ्यात मोहनमाळ अशी जय्यत तयार. हातात आरतीचं तबक. जिन्यावरून खाली उतरते, तुळशीला पाणी घालते, सुनेकडे एक कटाक्ष टाकते आणि दिवाणखान्यातल्या त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसते. ती तिथेच असते, भाग संपेपर्यंत. तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली नसते. रेशन दुकानात अंगठा द्यायला जायचं नसतं. भिशी नाही, मैत्रीण नाही. माहेर असलंच तर इस्टेटीवर डोळा ठेवून आलेला एक भाऊ. दहा माणसांच्या त्या घरात भाजी कोण निवडतं, धोबी कधी येतो, सिलिंडर कोण लावतं, हे इतक्या वर्षांत मला कुठल्याही मालिकेतून कळलेलं नाही.

आणि कामच नाही म्हटल्यावर लेखकापुढे दोन वाटा उरतात. एकतर तिला देव्हाऱ्यापुढे बसवायची, नाहीतर दाराआड उभी करायची. देव्हाऱ्यापुढची ती ‘आजी’. तिच्या तोंडी संस्कार, घराणं, परंपरा असले शब्द, आणि घरात कुणाचं भांडण झालं की तिने मायेने हात फिरवायचा. दाराआडची ती ‘सासू’. ती कान देते, जिन्यावर तेल ओतते, दुधात पुडी टाकते, देवघरातला दिवा पदराने विझवते आणि आळ सुनेवर येईल अशी व्यवस्था करते. मधल्या बाईला तुमच्याकडे जागाच नाही. आम्ही सगळ्या त्या मधल्या.

यात तुमचा द्वेष आहे असं मला वाटत नाही. घाई आहे. रोज एक भाग द्यायचा, हातात आधी चित्रित केलेले दोन-तीन भाग शिल्लक असले तरी नशीब म्हणायचं, वाहिनीचे क्रिएटिव्ह रात्री अकराला ट्रॅक बदलून मागणार. अशा घाईत हाताशी येईल ते पात्र वापरलं जातं, आणि सासू कायम हाताशी असते. नायिका सून, म्हणून तिच्या वाटेत दगड हवा. दगडाला कुठे जायचं असतं? तो पडून राहतो, ठेच लागायच्या वेळी कामाला येतो.

तुम्ही म्हणाल, बाई, असं काम वगैरे दाखवून काय फरक पडतो, पात्र स्वभावावर चालतं. तर मी तुम्हाला तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते. ललिता पवार. त्या मूकपटांच्या काळापासून नायिका होत्या. 1942 मध्ये चित्रीकरण चालू असताना भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डोळा कायमचा बारीक झाला. तिथे नायिकेची कारकीर्द संपली आणि तो डोळा पुढे देशभराची खाष्ट सासू झाला. दूरदर्शनच्या ‘रामायणा’तली मंथरासुद्धा त्याच. पण 1955 च्या ‘श्री 420’ मध्ये याच बाई रस्त्यावर केळी विकतात, आणि बघता बघता ती केळेवाली आपली होऊन जाते. 1959 च्या ‘अनाडी’त त्या खोल्या भाड्याने देणाऱ्या मिसेस डिसा. चेहरा तोच, डोळा तोच, ओरडणंही तेच. पण इथे तिला भाडं वसूल करायचं आहे, घर चालवायचं आहे. ती राज कपूरवर खेकसते आणि आपल्याला तिचा राग येत नाही. त्या भूमिकेला फिल्मफेअरही मिळालं. फरक केवळ एवढाच पडला की त्या बाईला लेखकाने एक धंदा दिला होता.

वयाचा हिशेब तर आपल्या सिनेमाने कधीच सरळ केला नाही. ‘मदर इंडिया’ 1957 चा. नर्गिस आणि सुनील दत्त दोघांचाही जन्म जून 1929 चा. पडद्यावर ती आई आणि तो मुलगा, पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. तिथे निदान कथेची गरज होती, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत एकच नटी लागणार होती. पण आपल्या सुलोचनादीदी? जन्म 1928. 1970 च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंदच्या आई झाल्या, आणि देव आनंदचा जन्म 1923 चा. मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा! रीमा लागूंचा जन्म 1958 चा. ‘वास्तव’ आला 1999 मध्ये, त्यात त्यांचा मुलगा संजय दत्त, जो त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. रीमाताईंनी ती आई इतकी खरी केली की हिशेब करायचं कुणाला सुचलंच नाही. पण त्या वयाच्या नटाला त्या वेळी कुणी ‘वडिलांची भूमिका कराल का’ असं विचारायला गेलं असतं, तर जिवंत परत आला नसता.

तुमच्याकडे तर लीप आहेच. वीस वर्षं उलटली की नायिकेच्या कानशिलावर पांढऱ्या केसांची एक बट येते आणि नाकावर चष्मा. पाठीचा कणा तसाच ताठ, आवाज तसाच, चालणं तसंच. पन्नाशीत बाईची पाळी जाते, रात्री घाम फुटून झोप मोडते, चिडचिड होते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मराठी मालिकांतल्या कुठल्याही बाईची पाळी अद्याप गेलेली मी पाहिली नाही. आली होती की नाही तेही एक कोडंच.

आजारपण दाखवता तेव्हा तर हसावं की रडावं कळत नाही. जिन्यावरून गडगडत खाली आलेली आजी चौथ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून मोदक वळत असते. सत्तरीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं की काय होतं, ते आमच्या मिरजेत येऊन कुठल्याही हाडाच्या दवाखान्यात बघा. हे दवाखान्यांचंच गाव आहे. ऑपरेशन, वॉकर, महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या हाताने संडासला जाणं. त्यातून जी उठते ती खरी बहाद्दर. त्यात किती नाट्य आहे! सून-सासूंचं खरं नातं त्या काळात ठरतं, एकमेकींना अंघोळ घालताना. पण तुम्हाला पट्टी पुरते.

दुसरा प्रकार खोट्या आजाराचा. सुनेने माहेरी जायचं म्हटलं की सासूच्या छातीत कळ. घरच्यांची पळापळ, आणि कॅमेरा जवळ गेला की ओठाच्या कोपऱ्यात हसू. हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिलाय की पाठ झालाय. याचा परिणाम काय होतो सांगते. खऱ्या घरात म्हातारीने ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की पोरं एकमेकांकडे बघतात. ‘आईची मालिका सुरू झाली’ हे वाक्य मी बँकेत, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर ऐकलेलं आहे. आणि बायकांना हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा तो दर वेळी पडद्यावरच्यासारखा येत नाही. कळ येतेच, पण कितीकींना जबडा दुखतो, पाठ भरून येते, धाप लागते, मळमळतं, नुसता गळाठा येतो. एखाद्या भागात हे असं दाखवलंत तर एखादीचा जीव वाचेल, आणि तुमचा भागही चांगला होईल.

आता माझ्या काउंटरबद्दल. तिथे मी काय पाहिलं ते सांगितल्याशिवाय हे पत्र म्हणजे नुसती कुरकुर होईल.

पेन्शनच्या आणि निराधारच्या पैशांच्या दिवशी आमच्या शाखेत सकाळी नऊपासून बायकांची रांग असे, दरवाजा उघडायच्या आधी. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेचे महिन्याला हजार, 2023 पासून दीड हजार. त्या दीड हजाराला तुमच्या मालिकेत एक बुकेही येत नसेल. पण त्या पैशांवर रांगेतल्या बाईची घरातली पत ठरते. मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचं पासबुक घरात नसायचंच, ते असायचं एका शिंप्याकडे, कापडाच्या ताग्याखाली. दोन्ही मुलांना वाटायचं आईकडे काही नाही. एक दिवस नात बारावी पास झाली आणि मावशींनी तिची नर्सिंगची फी रोख आणून भरली. घरात स्फोट झाला म्हणे. महाएपिसोड लागतो का अजून कशाला?

दोघी जावा होत्या, जवळच्या खेड्यातल्या. वाटणीवरून अनेक वर्षं बोलणं बंद. पण पैसे काढायला यायच्या एकाच एसटीने, एकाच बाकावर, कारण धाकटीला वाचता यायचं आणि थोरलीला सगळे रस्ते ठाऊक. स्लिप धाकटी भरायची. थोरली पैसे मोजून धाकटीचे धाकटीच्या पिशवीत ठेवायची. एक शब्द नाही. बाहेर जाऊन एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायच्या, तरी एक शब्द नाही. मी आणि आमचे शिपाई काचेतून बघत राहायचो.

एक बाई नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदाच बँकेत आल्या. दोन मुलगे दोन बाजूंना उभे. मोठी रक्कम, ठेव मोडायची, पैसे थोरल्याच्या खात्यावर टाकायचे. बाई अंगठेबहाद्दर. मी फॉर्म पुढे सरकवला, तर त्यांनी हात मागे घेतला आणि मला म्हणाल्या, “बाई, या दोघांना जरा बाहेर बसवा.” ते गेल्यावर अर्धा तास त्यांनी मला एकेक गोष्ट विचारली. व्याज किती, ज्येष्ठ नागरिकाला जास्त का, नाव वारस म्हणून लावलं म्हणजे पैसे त्याचे होतात का, मेल्यावर होतात की जिवंतपणीच. मग म्हणाल्या, ठेव राहू दे, व्याज माझ्या खात्यात येऊ दे, आणि पोरांना सांगा नियमात बसत नाही. तेव्हा मी पोरांना सांगितलं नियमात बसत नाही. तुमच्या मालिकेत हा प्रसंग असता, तर थोरल्या सुनेने खिडकीतून ऐकलं असतं.

नोव्हेंबरात हयातीचे दाखले. पेन्शन चालू ठेवायची तर दरवर्षी आपण जिवंत आहोत हे बँकेला पटवावं लागतं. 2014 पासून ते बोटाच्या ठशावर होऊ लागलं, आणि भांडी घासून, खुरपून, विड्या वळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या त्यांचा ठसा यंत्र घेईना. पुढे चेहरा दाखवून करायची सोय आली. तोवर किती बायकांना मी साबणाने हात धुवायला लावले, बोटांना व्हॅसलीन लावलं, चौथं बोट, पाचवं बोट करत बसले. त्या हसायच्या. ‘जिवंत आहे की नाही ते तुमचं यंत्र ठरवणार का?’ हा संवाद मी लिहिलेला नाही, तसा मला लिहिताही येणार नाही.

आता सहीचं बघू, कारण तुमचं अर्धं कथानक सहीवर चालतं. आईसाहेबांच्या दुधात गुंगीचं औषध, मग झोपेत त्यांचा अंगठा कागदावर, आणि दुसऱ्या दिवशी बंगला खलनायिकेच्या नावावर. अहो, बक्षीसपत्र नोंदवावं लागतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं, तिथे फोटो निघतो, अंगठा घेतात, दोन साक्षीदार लागतात. झोपलेल्या बाईला खुर्चीसकट उचलून नेलं तरी ते होणार नाही. खरी फसवणूक होते ती जाग्या बाईची, गोड बोलून, पोरानेच केलेली. आणि त्यावर उपाय आहे. 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळशील या अटीवर घर लिहून दिलं आणि पोराने सांभाळलं नाही, तर त्या कायद्याच्या 23 व्या कलमाखाली ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. निर्वाहाचा खर्चही मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे. एवढी माहिती जर एका नावाजलेल्या मालिकेत एकदा आली, तर तालुक्या-तालुक्यात बायका प्रांत कचेरीचा पत्ता विचारतील. आणि नाट्याचं म्हणाल, तर ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्याविरुद्ध अर्जावर सही करणारी आई, तिचा तो हात, समोर बसलेला कारकून, बाहेर उभी असलेली सून जी मनातून सासूच्या बाजूची आहे. गुंगीच्या औषधाला याची सर येईल?

विधवेचा एक प्रसंग तुमचा ठरलेला असतो. हळदीकुंकू चालू, ती कोपऱ्यात उभी, व्हायोलिन वाजतंय. मग नायिका तिला हाताला धरून पुढे आणते, कुंकू लावते, सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. प्रसंग चांगलाच आहे, मीही रडते. पण त्यात त्या विधवेला काय वाटलं हे कुणी विचारत नाही, सगळं श्रेय सुनेच्या खात्यावर जमा. आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामपंचायतीत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, आणि राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव मांडायचा, विरोध पचवायचा, मग पहिल्यांदा कुणाच्या घरी मयत झाल्यावर तो पाळायचा, त्या क्षणी घरातल्या थोरल्या बाईने काय करायचं. हे सगळं तुमच्या दारात पडलंय आणि तुम्ही व्हायोलिन वाजवताय. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढच्या बायका 5.3 कोटी होत्या आणि पुरुष 5.1 कोटी. बायका जास्त जगतात, नवऱ्यापेक्षा वयाने लहान असतात, म्हणून माझ्या वयात एकट्या राहणाऱ्या आम्ही पुष्कळ. सगळ्याच कोपऱ्यात उभ्या नसतो. काही जणी तर खरं सांगायचं तर पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने भाजी आणत असतात.

जाहिरातवाल्यांना वेगळं पत्र लिहायला हवं, इथे दोन ओळी. तिथे आम्ही एकतर गुडघ्याला तेल चोळतो, नाहीतर सुनेच्या हातची आमटी चाखून ‘अगदी माझ्या आईसारखी’ म्हणतो. आणि वर्तमानपत्रवाले, ज्येष्ठ महिलेच्या बातमीशेजारी ते काठीवर ठेवलेल्या सुरकुतलेल्या हातांचं छायाचित्र आता पुरे. आम्हाला चेहराही असतो.

चांगलं काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ मालिकेत सुनेने विधवा सासूचं लग्न लावलं, तेव्हा आमच्या भजनी मंडळात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. निम्म्या म्हणाल्या शोभतं का, निम्म्या गप्प बसल्या, आणि गप्प बसणाऱ्यांचे चेहरे मला अजून आठवतात. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून घोळक्याने गेल्या, आमच्याकडून तर टेम्पो केला होता. तेव्हा ‘प्रेक्षकांना हेच हवं असतं’ हे मला सांगू नका. प्रेक्षक मी आहे. मला जे वाढाल ते मी खाते, कारण साडेसातला दुसरीकडे जेवण नाही. याचा अर्थ मला तेच आवडतं असा काढणं, हे हॉस्टेलच्या मेसवाल्याचं गणित झालं.

आणि एक सांगते, थोर बायकांची चरित्रं दाखवा असंही माझं म्हणणं नाही. आमच्या सांगलीच्या तारा भवाळकर 2025 मध्ये वयाच्या 85 व्या वर्षी दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. 2023 मध्ये आशाताईंनी नव्वदाव्या वाढदिवशी दुबईत मैफल केली. मुरबाडजवळच्या फांगणे गावात 2016 पासून आजीबाईंची शाळा भरते, गुलाबी लुगडी नेसून पाटी-दप्तर घेऊन आज्या येतात. ऊर भरून येतो. पण ते बातम्यांत येतं आणि यावं. मालिकेत मला हवी ती साधी बाई. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एसटी फुकट झाली म्हणून ज्या ऑगस्ट 2022 पासून उगाचच लेकीकडे दर आठवड्याला जायला लागल्या आणि लेकीच्या संसारात नसती ढवळाढवळ करायला लागल्या, त्या. ढवळाढवळ करणारी दाखवा, चालेल! खाष्ट दाखवा, लोभी दाखवा, सुनेशी भांडणारी दाखवा. मी चांगुलपणा मागत नाहीये. भांडायला तिला स्वतःचं कारण द्या, एवढंच. माझी सासू भयंकर होती, पण तिला दोन म्हशी होत्या, दुधाचे रतीब होते आणि उधारी बुडवणारी गिऱ्हाइकं होती. तिचा निम्मा त्रागा त्यांच्यावरचा असायचा आणि तो माझ्यावर निघायचा. हे कळल्यावर मला ती सोसता आली. तुमच्या नायिकेला सासू कधीच कळत नाही, कारण कळण्यासारखं तुम्ही तिच्यात काही ठेवलेलंच नसतं.

एका मालिकेतल्या एका सासूचं मला दुःख नाही, काळ सोकावतो म्हणून बोलते. आमच्या नाती या मालिका आमच्या मांडीवर बसून बघतात. म्हातारपण कसं असतं ते त्या आमच्याकडे बघून शिकतील तेवढंच पडद्याकडे बघूनही शिकणार.

खर्चाचं म्हणाल तर मी हिशेबाची बाई आहे, तो विचार करून ठेवलाय. बंगल्याचा जिना, झुंबर आणि चाळीस भरजरी साड्या यांच्यापुढे बँकेचा काउंटर फार स्वस्त पडतो. एक काच, एक पंखा, दोरीला बांधलेलं पेन. एसटीचा सेट नको, स्टँडवरचा बाक पुरे. दवाखान्याची ओपीडी तर तुमच्याकडे आधीच उभी आहे, फक्त तिच्यात सध्या सगळे स्मृती गेलेले नायक झोपलेले असतात, त्यांना जरा उठवा.

शेवटी एक निमंत्रण. तुमच्या लेखकांपैकी जे कुणी तिशीच्या आतले असतील, त्यांना येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इकडे पाठवून द्या. मी माझ्या जुन्या शाखेत शब्द टाकते. हयातीच्या दाखल्यांची रांग असते तिथे बाकावर बसू द्यायची व्यवस्था करते. वही उघडू नका, बायका लगेच गप्प होतात. नुसतं बसा आणि कुणाचा फॉर्म भरून द्यायचा असेल तर भरून द्या, तेवढ्यात तीन पिढ्यांची कथा कानावर पडेल. मानधन नको, श्रेयनामावलीत नावही नको. मात्र येताना डबा घेऊन या, दुपारी तीनपर्यंत गर्दी हटत नाही आणि समोरच्या हॉटेलातली मिसळ तुमच्या मुंबईकर पोटाला झेपणार नाही.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी आणि रोजची प्रेक्षक
मिरज